ताई, अ‍ॅप बनवू या का?

डिझाइन थिंकिंग म्हणजे प्रश्न ज्याचा आहे त्या माणसापासून सुरुवात करायची पद्धत. स्टॅनफर्डच्या डी-स्कूलमुळे तिचे पाच टप्पे सगळीकडे पोचले: समजून घेणं, प्रश्न मांडणं, कल्पना, नमुना, चाचणी. मीरा रोडच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला हा विषय आला आणि वरच्या वर्गातल्या काहींना मेंटॉर नेमलं. शिकवायचं सरांनी, गटाबरोबर फिरायचं आम्ही. पुढच्या मेंटॉरांसाठी हे लिहून ठेवते.

१. सुरुवातीला ‘अ‍ॅप’ या शब्दावर बंदी घाला. खड्डे, पार्किंग, लोकलमधली चौथी सीट, कशाचंही नाव काढा, पोरं अ‍ॅपवरच येतात. प्रश्न जितका कमी कळलेला, तितकं अ‍ॅप लवकर सुचतं.

२. विषय असा घ्या की पुन्हा पुन्हा जाता येईल. माझ्या गटाने उत्तनचे सुके बोंबील घेतले. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते, त्यामुळे ‘वेळ नव्हता’ ही सबब चालली नाही.

३. ‘तुमची समस्या काय?’ असं विचारू नका. पोरं मोबाइलवर प्रश्नावली घेऊन बोंबील वाळत घालायच्या दोऱ्यांपाशी, म्हणजे वलांडीपाशी, उभी राहिली. तिथे काम करणाऱ्या मावशींचे हात ओले. ‘काय नाय,’ म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मग मी पोरांना फोन खिशात घालून हाताखाली काम करायला सांगितलं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. ना चिमटा, ना गाठ. माशाचे वाकडे दातच आकड्याचं काम करतात. हात चालू झाले तशा मावशीही बोलायला लागल्या.

गटाच्या डोक्यात सोलर ड्रायर होता. मावशींनी चित्र पाहिलं, मग लांबच लांब वलांड्यांकडे बघितलं. ‘एवढा माल त्या पेटीत कुठं मावायचा?’ वाळवायला ऊन आहे, वारा आहे. खरी धांदल उडते ती अवकाळी पावसाचं आभाळ भरून आल्यावर. बोंबलात पाणीच जास्त; अर्धवट वाळलेला माल भिजला की गेला. आणि नेमके तेव्हा घरात हात कमी असतात. ड्रायर वहीतून खोडला. नवा प्रश्न लिहिला: दोघीतिघींना वलांडी पटकन कशी झाकता येईल? माझ्या मते या कोर्समधलं सगळ्यात मोलाचं काम ही एवढी खाडाखोड.

४. थोडा इतिहास सांगा, पण परत येताना बसमध्ये. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला. त्यात ते साध्या लोट्यावर थांबले: वजन, तोल, कडेवर कसा बसतो, पाणी कसं पडतं. तो कुणा एकाने घडवलेला नाही, पिढ्यांनी घडवलाय. त्याच अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. वलांडी पाहून आलेल्या पोरांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

५. गप्प बसणाऱ्याला गटासमोर नको, चहाच्या टपरीवर विचारा.

६. नमुना दिसायला गबाळाच हवा. चकचकीत मॉडेलला लोक ‘छान’ म्हणून मोकळे होतात. आमचा झाडूच्या काड्या, सुतळी आणि जुन्या ताडपत्रीचा. दोरी ओढली की छप्पर पसरायचं. मावशींनी स्वतः ओढून पाहिलं आणि हसल्या: ‘समुद्राचा वारा हिला घेऊन जाईल की!’ आणि आतून जाळ्याची शिशाची वजनं आणून ताडपत्रीच्या कडेला धरून दाखवली. हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं.

७. गुण द्यायचं काम अंगावर घेऊ नका. सरांनी विचारलं होतं, मी नको म्हटलं. गुण माझ्या हातात असते, तर ताडपत्री दुसऱ्यांदा फाटली हे सांगायला गटातला कुणीही रात्री अकराला मला फोन केला नसता.