सहापैकी चार शहरं खोडा



भाचेबुवा कॅमेरा घेऊन पहिल्यांदाच युरोपला निघालेत, ११ दिवसांत ६ शहरं असा बेत आहे, हे ताईकडून कळलं. कॅमेऱ्याबद्दल मामाची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या सहाच्या आकड्याबद्दल, आणि त्यासाठी जोएल मेयरोविट्झ या अमेरिकन फोटोग्राफरची गोष्ट सांगणं आलं.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९३८ साली जन्मलेला हा गडी जाहिरातीच्या धंद्यात आर्ट डायरेक्टर होता. १९६२ साली एका कामाच्या निमित्तानं त्यानं रॉबर्ट फ्रँक या फोटोग्राफरला फोटो काढताना पाहिलं. फ्रँक स्वतः हलत होता आणि हलणारी माणसं टिपत होता. मेयरोविट्झनं नोकरी सोडली, उसना कॅमेरा घेतला आणि रस्त्यावर उतरला. चार वर्षांनी तो युरोपला गेला. वर्षभरात १० देश, सुमारे ३०,००० किलोमीटर आणि २५,००० च्या आसपास फोटो. ३६ च्या रोलनं हिशेब केला तर जवळजवळ ७०० रोल!

हा तर भाचेबुवांच्याही वरताण निघाला, असं वाटेल. धावला खराच. चालत्या गाडीतून काढलेल्या त्याच्या फोटोंचं प्रदर्शन १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागलं. पण युरोपातल्या त्या वर्षातले सहाएक महिने त्यानं स्पेनमधल्या मालागात मुक्काम ठोकला होता. स्पेनमध्ये तेव्हा फ्रँकोच्या हुकूमशाहीचे दिवस होते. फ्लॅमेंको हे तिथलं नाचगाणं करणाऱ्या एका कुटुंबाशी त्याचा घरोबा जमला.

घरोब्यानं काय होतं, ते भाचेबुवांना ठाऊक आहे. दादरच्या फुलबाजारात कॅमेरा घेऊन जायला लागल्यावर तिसऱ्या रविवारी हारवाल्या मावशींनी ‘आला का रे फोटोवाला’ म्हणून हाक मारली. ताईच्या भिंतीवर लागलेला फोटो त्याच सकाळचा.

आता पॅरिसचा, १९६७ चा एक फोटो. मेट्रोच्या तोंडाशी एक तरुण रस्त्यावर आडवा पडलाय. हातात हातोडी घेतलेला कामगार त्याला ओलांडून चाललाय. यानंच मारलं की काय, असं क्षणभर वाटतं. पण तो आपला वाटेतलं डबकं चुकवावं तसा पुढे निघालाय. जिन्याशी गर्दी थिजलीय, रहदारीतला सायकलवाला मान वळवून बघतोय, आणि खाली वाकलेलं कुणीच नाही. नवशिक्यानं पडलेल्याचा चेहरा गाठला असता. मेयरोविट्झनं अख्खा रस्ता चौकटीत ठेवला, म्हणून तो फोटो बघ्यांचा झाला.

तेव्हा भाचेबुवांनी चार शहरं खोडावीत. उरलेल्या दोनांत एकेक कोपरा धरावा, एखादा बसथांबा नाहीतर भाजीबाजार, आणि सकाळ-संध्याकाळ तिथंच उभं राहावं. चेहऱ्यावर झूम करण्याआधी एक पाऊल मागे घ्यावं. आणि रात्री हॉटेलात बसून फोटो उडवू नयेत; कुठला फोटो किती वर्षांनी कामी येईल, सांगता येत नाही. मेयरोविट्झच्या त्या प्रवासातल्या फोटोंचं प्रदर्शन मालागाच्याच पिकासो म्युझियमनं २०२४ साली भरवलं, तेव्हा तो ८६ वर्षांचा होता.

तिकिटं रद्द केल्यावर किती पैसे कापतील, ते ताईला विचारून ठेवलंय. ती रक्कम मामा भरेल.

— मामा