दोष कोणाचा?

दिवाळीच्या सुटीत मी बहिणीच्या घरी गेलो होतो. एरवी मला पाहताच धावत येणारा माझा भाचा त्या दिवशी मात्र गाल फुगवून संगणकासमोर बसला होता. कारण विचारताच त्याने आपले गाऱ्हाणे मांडले.

दोन वर्षे साठवलेले खाऊचे पैसे देऊन त्याने शेजारच्या दादाकडून एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड विकत घेतले होते. दादा पुढील शिक्षणासाठी त्याच रात्री परगावी जायचा होता. कार्ड बसवले, त्याचा ड्रायव्हरही घातला. तरी खेळातील चित्रे पूर्वीसारखीच अडखळत होती.

"मामा, दादाने मला फसवले! संध्याकाळी तो निरोप घ्यायला येईल, तेव्हा सर्वांदेखत मी त्याला तसे सांगणार आहे."

"अवश्य सांग," मी म्हणालो, "पण संध्याकाळ व्हायला अजून चार तास आहेत. तोवर आपण त्या कार्डाचीच साक्ष घेऊ."

साक्षीदाराला प्रश्न विचारण्यापूर्वी त्याचे काम काय, हे ठाऊक असावे लागते. संगणकाच्या पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. भाच्याच्या पडद्यावर आडव्या ओळीत 1,920 व उभ्या रांगेत 1,080 ठिपके होते. म्हणजे एकूण 20,73,600. चित्र सलग हलताना दिसावे म्हणून ते सेकंदाला 60 वेळा नव्याने काढायचे, तर दर सेकंदास बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात! प्रोसेसर हा मोजक्याच, पण अवघड गणितांत प्रवीण असलेल्या पंडितासारखा आहे. ग्राफिक्स कार्ड हे शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गासारखे आहे. प्रत्येकाकडे सोपे गणित असते; पण सारे जण ते एकाच वेळी सोडवतात.

"आता खेळ सुरू कर," मी म्हणालो. "रिकामे असताना कार्ड वीज वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी ठेवते. म्हणून त्याची परीक्षा ते काम करीत असतानाच घ्यावी."

खेळ सुरू झाला. सेकंदाला जेमतेम 18 चित्रे निघत होती. आम्ही टास्क मॅनेजर उघडून कोणता भाग किती काम करीत आहे, ते पाहिले. नवे कार्ड जवळजवळ स्वस्थ बसले होते आणि प्रोसेसरबरोबर आलेला चित्रांचा लहानसा भाग मात्र भाराने वाकला होता.

"पाहिलेस? तुझे कार्ड आळशी आहे!" भाचा उद्गारला. आपण अनवधानाने मामाला एकेरी संबोधले, हे त्या रागात त्याच्या ध्यानीही आले नाही.

"एखाद्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याला काम दिले होते का, हे पाहावे," मी हसून म्हणालो.

आम्ही संगणकाच्या मागील बाजूस पाहिले. पडद्याची केबल जोडण्यासाठी तेथे दोन जागा होत्या. एक मदरबोर्डाची व दुसरी कार्डाची. केबल पहिल्या जागी होती! त्यामुळे चित्रे कार्डाकडे न जाता जुन्याच वाटेने जात होती. संगणक बंद करून केबल योग्य जागी जोडताच सेकंदाला 60 चित्रे दिसू लागली. त्याहून अधिक दिसणे शक्यच नव्हते, कारण तो पडदाच सेकंदाला 60 वेळा बदलणारा होता. ही पडद्याची मर्यादा होती. कार्डाचा दोष नव्हे.

भाच्याचा चेहरा उजळला. पण दहा मिनिटांनी चित्रे पुन्हा अडखळू लागली. "पाहा मामा, हे कार्ड सदोषच आहे!"

मी त्याला कार्डाचे तापमान दाखवले. ते 88 अंशांवर गेले होते. फार तापल्यास कार्ड स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग उतरवते. आता ते का तापते, हे शोधायचे होते. संगणकाची पेटी भिंतीला अगदी टेकवून ठेवलेली होती आणि तिच्या पुढील जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता. थंड हवा आत शिरत नव्हती, गरम हवा बाहेर पडत नव्हती. आम्ही संगणक बंद केला, विजेची पिन काढली व मऊ कुंचल्याने जाळी स्वच्छ केली. पेटीही भिंतीपासून वीतभर पुढे सरकवली. मग अर्धा तास खेळ चालला, तरी तापमान 72 अंशांपुढे गेले नाही.

"ही धूळ दादाच्या घरची नव्हती," भाचा हळूच म्हणाला.

आता एकच परीक्षा उरली होती. कार्ड ज्या खोक्यातून आले, ते मी मागवले. तळाशी घडी घातलेला एक कागद होता. दादाने कार्ड विकण्यापूर्वी कोणती चाचणी घेतली व तिच्यात किती गुण पडले, हे त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिले होते : 4,850. आम्ही तीच चाचणी घेतली. गुण पडले 4,820. एवढा अल्प फरक दर खेपेस पडतोच.

भाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. तो कागद त्याने एकदाही उघडला नव्हता.

संध्याकाळी दादा आला. सारी मंडळी जमली होती. भाचा पुढे झाला आणि सर्वांदेखत म्हणाला, "दादा, तुझे कार्ड उत्तम आहे. मी केबल चुकीच्या जागी जोडली होती आणि मनात दोष मात्र तुला दिला होता."

दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मीही पहिल्यांदा तीच चूक केली होती!" तो म्हणाला आणि सारे घर हसण्यात बुडून गेले.

स्वाध्याय

1. भाच्याने दादाला मनात दोष का दिला?
2. कार्डाची परीक्षा ते काम करीत असतानाच का घ्यावी?
3. चित्रे अडखळण्याची दोन कारणे कोणती? ती कशी सापडली?
4. 'एखाद्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याला काम दिले होते का, हे पाहावे.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
5. वाक्यांत उपयोग करा : गाल फुगवणे, गाऱ्हाणे मांडणे, चेहरा उजळणे.