सर्वांत चढा भाव कोणता?

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो. समजा, चार दिवसांचे क्विंटलचे भाव तुम्ही संगणकावर ‘भाव’ नावाच्या फाइलीत एकाखाली एक लिहिले : ९५०, १२००, ८७५, ११५०. (अंक व आज्ञा रोमन लिपीत टंकाव्यात.) आता लिनक्सला आज्ञा द्या :

सॉर्ट भाव | टेल -१

‘सॉर्ट’ ओळी चढत्या क्रमाने लावते; ‘टेल -१’ शेवटची ओळ दाखवते. मधली उभी रेघ म्हणजे ‘पाइप’, नळी. ती पहिल्या आज्ञेचे उत्तर दुसरीकडे पोचवते. डग्लस मॅकिलरॉय यांची ही कल्पना केन टॉम्प्सन यांनी १९७३ साली युनिक्समध्ये उतरवली.

पण उत्तर येते ९५०! असे का? शब्दकोशात आधी पहिले अक्षर पाहतात, तसा ‘सॉर्ट’ने पहिला अंक पाहिला. १ पेक्षा ९ मोठा! शेतकऱ्याला भाव २५० रुपयांनी कमी कळला असता.

आता ‘सॉर्ट -एन’ लिहा. ‘एन’ सांगते, ‘ओळींना संख्या समज.’ उत्तर येईल १२००. हीच ओळ फाइलीत जतन केली, की रोज वापरायची स्क्रिप्ट तयार.

यंत्र चुकले नव्हते. आपली आज्ञा अपुरी होती. म्हणून स्क्रिप्टवर विसंबण्यापूर्वी, उत्तर ठाऊक असलेल्या चार आकड्यांवर ती पारखून घ्या.