लाल डोळ्याविषयी पुतण्यास पत्र

अमरावती

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुरीच्या मळणीत कुटार उडून तुझा उजवा डोळा लाल झाला, आणि वसतिगृहातील मित्रांनी ‘डोळे आले’ असा निवाडा देऊन आपल्याजवळची डोळ्याच्या थेंबांची उरलेली कुपी तुझ्या हवाली केली, हे वाचून आजच अकोल्यास निघालेल्या गृहस्थांच्या हाती हे पत्र देत आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात बुलढाण्यापासून अमरावतीपर्यंत जी साथ पसरली, तिच्या स्मरणाने आपल्या वऱ्हाडात हरएक लाल डोळ्यावर तोच शिक्का बसतो. परंतु साथीचा डोळा पाणावतो, खुपतो, बहुधा एकामागून दुसराही लाल होतो, सोबतच्यांनाही लागण होते; दृष्टी मात्र पाणी टिपले की सहसा निर्मळ राहते. स्वतंत्र टॉवेल, हातांची स्वच्छता आणि एक-दोन आठवड्यांचा धीर एवढ्यावर तो विकार बहुधा निवळतो. (नुसत्या नजरेने तो लागतो ही समजूत काळे चष्मे विकणारांस लाभदायक असली, तरी निराधार आहे.)

तेव्हा लालीच्या प्रमाणावरून रोगाचे गांभीर्य ठरवू नकोस. डोळा ठणकतो काय, अक्षरे धूसर होतात काय, उजेड असह्य वाटतो काय, हे पाहावे. आणि उजेडाची तक्रार तू पत्रात जाता जाता केली आहेस, माझ्या लेखी तीच मुख्य बाब. धान्याच्या कुटाराने बुबुळावरील पारदर्शक पडद्यास ओरखडा पडला, तर त्यातून बुरशी शिरू शकते; ती सावकाश वाढते, आणि जखम भरली तरी फूल पडून दृष्टी कायमची अधू होण्याचा संभव असतो. त्यात उसन्या कुपीत स्टेरॉइड असले, तर लाली ओसरून बरे वाटते, आणि त्या भ्रमाच्या आड बुरशीस मोकळे रान मिळते.

आजीसारख्या वृद्ध माणसाचा डोळा लाल होऊन दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, डोके ठणकून ओकारी झाली, तर तो एकाएकी उसळलेला काचबिंदू असू शकतो. तेथे सकाळची वाटही पाहू नये. चुना वा फवारणीचे औषध उडाल्यास आधी बराच वेळ पाण्याने धुवावे, मग दवाखाना गाठावा.

तूर्त ते थेंब बंद कर, डोळा चोळू नकोस, आणि पत्र मिळताच सर्वोपचार रुग्णालयात नेत्रतज्ज्ञांकडून बुबुळ तपासून घे. रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात ते ओरखडा पाहतील. कुपी बरोबर ने. डोळ्यात आजवर काय पडले हे त्यांस त्यावरून कळेल.

तुझा,
काका