हाकेच्या अंतरावरचे माहेर

इंग्लंडमधील घर म्हटले की वर्गात कोणी राजवाड्याचे वर्णन करतो, तर कोणी बागेतल्या बंगल्याचे. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही नववीच्या वर्गात फरशीवर खडूने दहा फूट लांब-रुंद चौकोन आखला. १९५० च्या सुमारास पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन या कामगार वस्तीत घरातली मुख्य खोली साधारण एवढीच असे. तीत टेबल, खुर्च्या आणि भिंतीतली कोळशाची शेगडी मांडून झाल्यावर आम्ही विचारले, "आता आंघोळीचा टब कुठे ठेवाल?" सगळे गप्प!

टब परसात खिळ्याला टांगलेला असे. आठवड्यातून एकदा तो शेगडीपुढे आणायचा, पाणी तापवून ओतायचे आणि मुलांनी एकामागून एक त्याच पाण्यात अंग धुवायचे. शेवटच्याच्या वाट्याला काय येत असेल, हे सांगायला नको. शौचालयही परसातच. गाठीला पैसे असले तर सार्वजनिक स्नानगृहात जायचे. तेथील यॉर्क हॉल १९२९ साली सुरू झाला होता. ही एका वस्तीचीच गोष्ट नव्हे. १९५१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधील तीनांपैकी एकाहून अधिक कुटुंबांच्या घरात आंघोळीचा पक्का टब नव्हता.

सोमवार धुण्याचा. कपडे उकळायचे, घासायचे, हाताने फिरवायच्या लाटांमधून पिळायचे आणि पाऊस असला तर त्याच खोलीत वाळत घालायचे. हे सारे आईच्या अंगावर पडे.

घरे बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी अनेक पडली, उरलेल्यांत गर्दी झाली. भाडी कायद्याने गोठवलेली असल्याने पुष्कळ मालक डागडुजीला हात आखडता घेत.

तरीही लोक तेथून हलायला सहजी तयार नव्हते. मायकेल यंग आणि पीटर विलमॉट या दोन समाजशास्त्रज्ञांनी या वस्तीत फिरून १९५७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. लेक लग्न करून जाई ती फार तर दोन गल्ल्या पलीकडे. दिवसातून एकदा तरी ती आईकडे डोकावणार. मूल आजारी पडले तर आई धावणार. इतकेच काय, भाडेवसुली करणाऱ्याकडे शब्द टाकून लेकीला जवळ खोली मिळवून देणारीही आईच! म्हणजे माहेर हाकेच्या अंतरावर.

या पुस्तकाने वस्तीचे चित्र फार गोड रंगवले, असा आक्षेप पुढे घेतला गेला. आम्हांलाही तो काहीसा पटतो. सोमवारचे धुणे उपसणाऱ्या बाईला तो जिव्हाळा किती परवडत असेल, हे तिलाच ठाऊक. शिवाय शेजार सगळ्यांनाच गोड असतो असेही नाही.

लंडनच्या नगरशासनाने शहराबाहेर वसाहती बांधल्या. तेथे न्हाणीघर होते, बाग होती, मुलांना मोकळी हवा होती. कित्येक जण मुलांसाठीच तेथे गेले. पण पूर्वी रोज भेटणारी आई आता क्वचितच भेटू लागली. बाळंतिणीपाशी चार दिवस बसायचे म्हटले, तरी तिला तिकीट काढून यावे लागे.