तीनचाकी सायकल: आधी बैठक, मग वेग

शिबिरात दिव्यांग बांधवांना हाताने चालवायची तीनचाकी मिळते, फोटो निघतो आणि गाडी घरी येते. पण ती सर्वांना एकाच मापाची असते, माणसे मात्र एका मापाची नसतात. हे माप घरच्या घरी कसे जुळवायचे, ते कुणी सांगत नाही.

आमच्या फेरीत एक तरुण भेटला. बांधकामावर परांचीवरून पडून त्याच्या कमरेखालची संवेदना गेली होती. तीनचाकीवर बसून तो बाजारात लसूण विकायचा. सीट टोचू नये म्हणून घरच्यांनी सायकलची जुनी ट्यूब हवा भरून खाली ठेवली होती. प्रेमानेच ठेवली होती. पण अशा गोल कड्यावर बसल्याने कडेच्या कातडीवर दाब येतो आणि मधल्या भागाला रक्त कमी पोहोचते. त्याला दुखले नाही, कारण दुखणे कळतच नव्हते. कपड्याला डाग दिसला तेव्हा जखम आत खोल गेली होती. अडीच महिने तो पालथा पडून राहिला, धंदा बंद.

म्हणून ट्यूब नको. गादीवाल्याकडून दोन ते तीन इंचांचा घट्ट फोम सीटच्या मापाने कापून घ्या. मुठीने जोरात दाबल्यावर खालची फळी लागली, तर तो फोम कामाचा नाही. रेक्झिनवर घाम साचतो, त्यावर सुती अभ्रा घाला आणि तो रोज धुवा. अभ्र्याला सुरकुती नको, मागच्या खिशात किल्ली नको. पोलिओ झालेल्यांना संवेदना असते, टोचले की ते सरकून बसतात. मणक्याला इजा झालेल्यांनी मात्र ‘मला काही त्रास नाही’ यावर विसंबू नये.

आता हाताचे पायडल. ते सर्वांत लांब गेले तरी कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे, आणि वर आले तरी हात खांद्याच्या वर जाऊ नये. बुटक्या माणसाला दर फेऱ्याला पुढे वाकावे लागते, त्यात पार्श्वभाग सीटवर घासतो, खांदाही भरून येतो. यासाठी पाठीमागे घट्ट उशी बांधा, म्हणजे माणूस पुढे येतो. पाठ टेकलेली असली की हाताचा जोर वाया न जाता पायडलला लागतो. बसल्यावर माणूस पुढे घसरत असेल, तर सीटच्या पुढच्या कडेखाली अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी ठोकून घ्या. आणि मांड्या सीटवर सपाट टेकल्या पाहिजेत. पाय ठेवायची जागा फार उंच असेल, तर गुडघे वर जातात आणि सगळे वजन बुडाच्या दोन हाडांवर येते. सामानाचे गाठोडे पायाखाली ठेवतात तेव्हा नेमके हेच होते! सामान मागे, दोन चाकांच्या मध्ये बांधा.

गाडी जड चालते, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. टायरच्या बाजूला हवेचा आकडा छापलेला असतो, तो पंक्चरवाल्याला दाखवा आणि दर आठवड्याला हवा तपासा. मग मागचे चाक उचलून हाताने फिरवा. चटकन थांबले तर ब्रेक घासतोय किंवा छऱ्यांतले ग्रीस सुकले आहे. साखळी कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशिनचे तेल थेंब-थेंब सोडा. खोबरेल नको, ते थंडीत थिजते. एवढे केले तरी चढावर गाडी जडच जाणार. तिथे मागून हात लावणे, हे घरच्यांचे काम.

संवेदना नसलेल्यांनी रोज रात्री कातडी बघायची, आरसा धरून किंवा घरच्या माणसाकडून. माकडहाड, बुडाची हाडे आणि खुबे ही मुख्य ठिकाणे. लालसर डाग बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर तो फिका पडला नाही, तर इशारा समजा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून हात फिरवून बघा: एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का? लागली तर तो डाग जाईपर्यंत त्यावर बसायचे नाही, चोळायचेही नाही. कातडी फाटली असेल तर हळद-पावडर न लावता सरकारी दवाखाना गाठा.

शेवटचा उपाय बिनपैशाचा आहे. दर अर्ध्या तासाने गाडी थांबवून ब्रेक लावायचा, मिनिट-दोन मिनिटे एका बाजूला कलायचे, तेवढाच वेळ दुसऱ्या बाजूला. म्हणजे दाबलेल्या जागी पुन्हा रक्त खेळते. लसूणवाल्या भावाने त्यासाठी मोबाइलवर घंटी लावली आहे. ती वाजली की तो तराजू खाली ठेवतो आणि कलतो. गिऱ्हाइकांनाही आता सवय झाली आहे. ती थांबतात.