निरोग्यानें औषध कां घ्यावें? : हत्तीरोगाविषयीं एक धडा



आजाऱ्यानें औषध घ्यावें व निरोग्यानें आपल्या कामास लागावें, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. परंतु एक रोग असा आहे कीं, त्याचें औषध धडधाकट माणसानेंही गिळावें असा आरोग्यखात्याचा आग्रह असतो. आशाताई गोळ्या घेऊन दाराशीं उभ्या राहिल्या म्हणजे घरधनी म्हणतो, "मला कांहीं झालें नाहीं, मग मीं ह्या गोळ्या कां गिळाव्या?" कित्येक जण गोळ्या हातीं घेतात, मागाहून घेऊं असें सांगतात, आणि बाई वळतांच त्या उकिरड्यावर टाकतात. प्रश्न विचारणें हा दोष नव्हे. उत्तर न शोधतां गोळी टाकणें हा मात्र दोष आहे, कारण त्याचें फळ टाकणारास एकट्यासच भोगावें लागत नाहीं. तो रोग म्हणजे हत्तीरोग होय. वरील प्रश्नाचें उत्तर ह्या धड्यांत क्रमाक्रमानें पाहावयाचें आहे. ज्यांस गांवांत चारचौघांस शिकवावयाचें असतें त्यांनीं हा धडा आधीं आपण नीट समजून घ्यावा व मग सांगावा.

१. रोगाचें घर

रक्त शिरांतून वाहतें हें आपण जाणतों. परंतु शरीरांत रक्ताहून निराळा असा आणखी एक प्रवाह आहे. अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाण्यासारखा अंश पाझरून मांसांत उतरतो व तेथील भागास पोसतो. त्यांतील उरलेलें पाणी परत नेण्यासाठीं बारीक नळ्यांचें जाळें सर्व अंगभर पसरलेलें आहे. ह्या पाण्यास लसीका व त्या नळ्यांस लसीकावाहिन्या म्हणतात. भाताच्या खाचरांतील जादा पाणी बांधाखालच्या मोरीनें खालच्या खाचरांत उतरतें, तसेंच हें समजावें. मोरी बुजली कीं पाणी तुंबतें आणि रोप कुजतें.

ह्या नळ्यांच्या वाटेवर जांघेंत, काखेंत व मानेंत गांठी असतात. पायास कांटा लागून पू झाला असतां जांघेंत अवधाण येतें, तें म्हणजे ह्यांतलीच एक गांठ सुजलेली असते. कारण रोगजंतूंस वाटेंत अडवून धरणें हें तिचें काम आहे. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेल्या प्लेगास ग्रंथिक सन्निपात असें नांव पडलें, तेंही ह्याच गांठी सुजत म्हणून.

हत्तीरोगाचा कृमि ह्याच नळ्यांत व गांठींत घर करितो. तो दोऱ्यासारखा पांढरा असून मादी ८ ते १० सेंटिमीटर व नर सुमारें ४ सेंटिमीटर लांब असतो. तीं जोडपीं पांच-सहा वर्षें जगतात आणि त्या अवधींत लक्षावधि सूक्ष्म पिलें रक्तांत सोडतात. कृमींच्या वास्तव्यानें नळ्या फुगतात, त्यांतील झडपा निकामी होतात, आणि पाणी पायांत, हातांत, स्त्रियांच्या स्तनांत किंवा पुरुषांच्या अंडकोशांत तुंबूं लागतें. परंतु हें एका दिवसांत होत नाहीं. त्यास वर्षें लागतात. पुष्कळांच्या रक्तांत पिलें असूनही बाहेरून कांहींच दिसत नाहीं. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण आपल्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे.

२. शोधाची कथा

हा रोग जुनाच आहे. आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांत त्यास श्लीपद म्हटलें असून, जेथें जुनें पाणी सांचून राहतें व जेथें हवा सदा थंड असते अशा प्रदेशांत तो विशेष होतो, असें निरीक्षणही नोंदलें आहे. सांचलेल्या पाण्याशीं त्याचा संबंध आहे हें त्या वैद्यांनीं ओळखलें. मात्र पाण्यांतून रोग माणसापर्यंत कोण आणतो हें त्या काळीं कळण्यास साधन नव्हतें.

तें साधन सूक्ष्मदर्शक यंत्रानें दिलें. १८६३ सालीं पॅरिस येथें दमार्के ह्यांस एका रोग्याच्या अंडकोशांतील पाण्यांत हीं पिलें प्रथम दिसलीं. १८६६ सालीं ब्राझील देशांत वुचेरर ह्यांस तीं मूत्रांत आढळलीं. १८७२ सालीं कलकत्त्यास टिमथी लुइस ह्यांनीं तीं माणसाच्या रक्तांत दाखविलीं. पुढें १८७६ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें जोसेफ बॅनक्रॉफ्ट ह्यांस पूर्ण वाढलेला कृमि सांपडला. ह्यांपैकीं दोघांच्या नांवांवरून त्या कृमीस वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टी असें नांव मिळालें.

परंतु एका माणसाच्या रक्तांतील पिलूं दुसऱ्याच्या अंगांत जातें कसें? चीन देशांतील अमॉय बंदरीं पॅट्रिक मॅन्सन नांवाचे स्कॉटिश डॉक्टर होते. त्यांच्या माळ्याच्या रक्तांत हीं पिलें होतीं. १८७७ सालीं मॅन्सन ह्यांनीं त्या माळ्यास डांस चावूं दिले, मग ते डांस रोज थोडेथोडे फाडून पाहिले, तों डांसाच्या पोटांत पिलें वाढत असलेलीं दिसलीं. कीटकाच्या अंगांत मनुष्याच्या रोगाचें बीज वाढतें हें त्या दिवशीं जगास प्रथम कळलें. मलेरियाचा डांस शोधणारे रोनाल्ड रॉस ह्यांस पुढें ह्याच मॅन्सन ह्यांनीं वाट दाखविली.

मॅन्सन ह्यांनीं आणखी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. रोग्याचें रक्त दिवसां तपासलें तर पिलें बहुधा दिसत नाहींत. मध्यरात्रीच्या सुमारास तपासलें तर तीं विपुल दिसतात. दिवसां तीं फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि डांस चावण्याच्या वेळीं वर येतात. म्हणूनच हत्तीरोगाची तपासणी करणारे कर्मचारी रात्रीं दारीं येतात. त्यांस पाहून पुष्कळ लोक संशय घेतात. पण अवेळीं येण्याचें कारण त्यांच्या सोयींत नसून कृमीच्या स्वभावांत आहे.

डांस पाण्यांत मरतात व तें पाणी पिऊन माणसास रोग होतो, असें मॅन्सन ह्यांस प्रथम वाटलें होतें. १९०० सालीं लंडन येथें जॉर्ज लो ह्यांनीं डांसाच्या सोंडेंतच वाढलेलीं पिलें दाखवून तो समज दूर केला. डांसाच्या अंगांत दहा-बारा दिवस वाढ झाल्यावर तीं सोंडेशीं येतात व तो चावतांच त्या जखमेच्या वाटेनें अंगांत शिरतात. एकदोन चाव्यांनीं बहुधा रोग जडत नाहीं. महिनेच्या महिने, वर्षानुवर्षें चावे बसावे लागतात. येणेंप्रमाणें शाप, करणी, पूर्वजांचें पाप इत्यादि कल्पनांस ह्या रोगांत कोठेंही जागा उरली नाहीं.

३. औषधाचा शोध

कारण कळलें तरी औषध मिळण्यास आणखी जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिक बेटांवर गेलेल्या अमेरिकन सैनिकांस हा रोग जडूं लागला, तेव्हां तिकडे औषधाचा शोध नेटानें सुरू झाला. १९४७ सालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंतून डाय-एथिल-कार्बामॅझिन, म्हणजे संक्षेपानें डीईसी, हें औषध बाहेर आलें. त्या प्रयोगशाळेंतील संशोधनाचे प्रमुख आंध्रांतील भीमवरम येथें जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. पुढच्याच वर्षीं ते वारले. त्यांच्या हाताखालीं निघालेलें हें औषध आजही ह्या रोगावरील मुख्य औषध आहे.

भारत सरकारनें १९५५ सालीं हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आपल्या महाराष्ट्रांतही शोधाचें काम झालें आहे. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेंत डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांचे सहकारी ह्यांनीं रक्ताच्या परीक्षेवरून हा रोग ओळखण्याच्या पद्धतींवर अनेक वर्षें संशोधन केलें. चीन देशांत तर हें औषध मिठांत मिसळून लोकांस दिलें गेलें. आणि ज्या देशांत मॅन्सन ह्यांस डांसाचें गुपित कळलें, त्यानें २००७ सालीं ह्या रोगाचें निर्मूलन झाल्याचें जाहीर केलें. श्रीलंकेनें २०१६ सालीं व बांगलादेशानें २०२३ सालीं तें साधलें.

भारतांत २००४ सालापासून रोगग्रस्त जिल्ह्यांतील सर्व लोकांस वर्षांतून एकदां औषध देण्याची मोहीम चालू झाली. डीईसीबरोबर पुढें अल्बेंडॅझोल देऊं लागले. पापुआ न्यू गिनी येथील परीक्षेचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, तो असा कीं, ह्या दोहोंच्या जोडीस आयव्हरमेक्टिन हें तिसरें औषध एकदांच दिलें तरी बहुतेक सर्वांच्या रक्तांतील पिलें तीन वर्षेंपर्यंत नाहींशीं राहिलीं. ही तीन औषधांची मोहीम महाराष्ट्रांत २०१९ सालीं नागपूर जिल्ह्यांत आरंभिली गेली. २०२७ सालापर्यंत हा रोग देशांतून घालवावा असा भारत सरकारचा संकल्प आहे.

४. आतां प्रश्नाचें उत्तर

ज्याचा पाय खांबासारखा झाला आहे त्याच्यापासून लोक दूर बसतात, त्याच्या मुलीस स्थळ मिळत नाहीं. परंतु अशा जुन्या रोग्याच्या रक्तांत पुष्कळदां पिलें उरलेलींच नसतात. डांसास पिलें मिळतात तीं बहुधा अशा माणसाच्या रक्तांतून, ज्याचा पाय सडपातळ आहे, जो शेतांत खपतो, आणि "मला कांहीं झालें नाहीं" असें प्रामाणिकपणें म्हणतो. ज्याच्याकडे आपण बोट दाखवितों तो बहुधा रोग पसरवीत नाहीं. बोट दाखविणारा मात्र नकळत पसरवीत असेल. निरोगी दिसणाऱ्यानें औषध घ्यावयाचें तें ह्याकरितां. औषध पिलांस मारतें, परंतु जुने कृमि सर्वच मरत नाहींत. म्हणून मोहीम सांगेल तितकीं वर्षें, दर वर्षीं, गांवांतील सर्वांनीं तें घ्यावें लागतें. दहा घरांनीं घेतलें व दोन घरांनीं टाकलें, तर डांस त्या दोन घरांतून पिलें घेऊन पुनः दहा घरांत जाईल.

गोळ्या उपाशीं पोटीं घेऊं नयेत. कांहीं खाऊन, आरोग्यसेवकाच्या समक्ष घ्याव्या. दोन वर्षांखालील मुलांस, गरोदर स्त्रियांस व फार आजारी माणसांस त्या देत नाहींत. तीन औषधांच्या मोहिमेंत पांच वर्षांखालील मुलांस आयव्हरमेक्टिन देत नाहींत, व इतरांस तें उंची मोजून देतात. गोळी घेतल्यावर कोणास ताप, डोकेदुखी किंवा चक्कर येते. बहुधा रक्तांतील पिलें मरूं लागल्याचें तें चिन्ह असतें व एकदोन दिवसांत शमतें. त्रास अधिक वाटल्यास आरोग्यकेंद्रास कळवावें. परंतु त्याच्या भीतीनें शेजाऱ्यास गोळी टाकण्याची सल्ला देऊं नये.

५. सुजलेल्या पायाची सेवा

औषधानें कृमि हटले तरी जुनी सूज जात नाहीं, हें रोग्यास स्पष्ट सांगावें. खोटी आशा देऊं नये. तथापि त्याचें दुःख पुष्कळ कमी करितां येतें. अशा रोग्यास मधून मधून थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, आणि प्रत्येक वेळीं सूज थोडी वाढते. ब्राझील देशांत डॉ. जेरूसा द्रेयेर ह्यांनीं दाखवून दिलें कीं, हा ताप मुख्यतः बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून शिरणाऱ्या जंतूंमुळें येतो. सबब उपाय साधा आहे.

पाय रोज साबणानें व स्वच्छ पाण्यानें हलक्या हातानें धुवावा. बोटांच्या मधील जागा मऊ फडक्यानें कोरडी करावी. भेग किंवा चिखली असल्यास आरोग्यकेंद्रांतील मलम लावावें. बसतांना पाय उंच ठेवावा, निजतांना खाटेच्या पायथ्याखालीं विटा द्याव्या, घोटा वरचेवर हलवावा, आणि पायांत वहाणा असाव्या. ताप आला असतां विश्रांति घ्यावी, पायावर गार पाण्याची घडी ठेवावी व डॉक्टरांस दाखवावें. डाग देणें, बिबा घालणें, फांसण्या टाकणें हे उपाय भेगा वाढवितात. ते सर्वस्वीं टाळावे. अंडवृद्धि झाली असल्यास ती शस्त्रक्रियेनें बरी होते. लाजेनें वर्षें घालवूं नयेत. घरांतील म्हातारीस स्वतःचा पाय धुणें जमत नसेल तर तरुणांनीं तो धुवावा. दुसऱ्याचे पाय धुण्यांत कमीपणा नाहीं, हें ह्या पत्राच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

६. गांव व शहर

हा रोग केवळ खेड्याचा नव्हे. महाराष्ट्रांत विदर्भांतील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर, वर्धा इत्यादि जिल्ह्यांप्रमाणें कोंकणपट्टींतील ठाणें, पालघर, सिंधुदुर्ग येथेंही तो आढळत आला आहे. ठाणें शहरांत खोपट येथें एस.टी.चें स्थानक आहे. तेथें गांवोगांवची माणसें उतरतात व चढतात. कृमीचीं पिलें कोणाच्या रक्तांत आहेत हें चेहऱ्यावरून ओळखतां येत नाहीं. हत्तीरोग वाहणारा क्युलेक्स डांस घाण पाण्यांत वाढतो. तुंबलेलें गटार, उघडी शौचाची टांकी, सांडपाण्याचें डबकें हींच त्याचीं घरें. आणि तीं खेड्यापेक्षां दाट वस्तीच्या शहरांत अधिक. म्हणून मोरीचें पाणी शोषखड्ड्यांत सोडावें, गटार वाहतें ठेवावें, शौचकूपाच्या हवेच्या नळीस जाळी बांधावी, आणि रात्रीं मच्छरदाणींत निजावें. गांवीं औषध घेतलेल्या मुलानें शहरांत खोली केली, तर तेथील मोहीम टाळूं नये.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. लसीकावाहिन्यांचें काम काय? त्या बिघडल्या असतां पाय कां सुजतो?
२. हत्तीरोगाची तपासणी रात्रीं कां करितात?
३. सडपातळ पायाच्या माणसापासून रोग पसरतो, हें शेजाऱ्यास कसें समजावून सांगाल?
४. औषध दर वर्षीं व सर्वांनींच कां घ्यावें लागतें?
५. आपल्या वाडींत सुजलेल्या पायाचा कोणी मनुष्य आहे काय? त्याचा पाय रोज कोण धुतो?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर कागदावर लिहूं नये. त्याच्या घरीं जाऊन पाहावें.